आधी इमारत की आधी शाळा

महात्मा फुले मंडईच्या मनोऱ्याखालून जाताना मला एक जुना वाद आठवतो. ही मंडई बांधण्याचा विषय पुणे नगरपालिकेपुढे आला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते कोणी ऐकलं नाही. मंडई उभी राहिली, १८८६ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचंच नाव मिळालं. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. दगड-चुन्याची किंमत कळणारा माणूस इमारतीला नको म्हणत होता, म्हणून मला त्या विरोधाचं वजन वाटतं.

आखातातल्या देशांनी तेलापलीकडचे उद्योग उभारायचा जो घाट घातला आहे, त्याकडे मी याच वादाच्या खिडकीतून बघतो.

एकाच मालावर जगण्याचा फटका आखाताने तेलाच्या आधीच खाल्ला आहे. तेव्हा तो माल मोती होता. बहारीन, कुवेत, दुबईचे पाणबुडे मोती काढत आणि त्यांचा मोठा बाजार आपल्या मुंबईत भरे. जपानने शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, त्यात जागतिक मंदी आली, आणि १९३० च्या दशकात किनाऱ्यावरची गावंच्या गावं उपाशी पडली. बहारीनमध्ये १९३२ ला आणि सौदी अरेबियात १९३८ ला तेल लागलं नसतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. तेव्हा आपला रुपयाच तिकडे चाले. १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती आणि १९६६ पर्यंत बहुतेक देशांनी तो रुपया सोडून दुसरं चलन घेतलं. आपलं आणि त्यांचं नातं टीव्हीवरच्या बुर्ज खलिफापेक्षा बरंच जुनं आहे.

दुबईला तेल लागलं १९६६ मध्ये, आणि तेही बेताचंच. ते संपणार हे ओळखून तिथल्या राज्यकर्त्यांनी १९७९ मध्ये जेबेल अलीचं बंदर उघडलं आणि १९८५ मध्ये त्याच्या शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र आखलं. तिथे परक्या कंपनीला पूर्ण मालकी मिळे. बाहेर मात्र कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे; तो नियम बहुतेक व्यवसायांसाठी २०२१ मध्ये सुटला. मराठी माणसाने ही वाढ जवळून पाहिली आहे. धनंजय दातारांच्या ‘अल आदिल’ या दुबईतल्या दुकानसाखळीची सुरुवात १९८४ मध्ये वडिलांच्या छोट्या किराणा दुकानातून झाली. आज करमाळा-टेंभुर्णीकडची केळी थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवामार्गे आखातात जातात, आणि न्हावा शेवातलं एक टर्मिनल दुबईचीच डीपी वर्ल्ड चालवते. भारत आणि संयुक्त अरब अमिरातींचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला, तेव्हापासून ही वाट आणखी रुंद झाली आहे. ज्याच्याकडे सातत्याने सारख्या प्रतीचा माल देण्याची शिस्त आहे, त्याला तिथे जागा आहे. मनात येईल तेव्हा निर्यातबंदी लादणाऱ्या सरकारच्या भरवशावर मात्र ती जागा टिकवता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबली आणि मे २०२४ पर्यंत गिऱ्हाईकाने दुसरीकडून कांदा घ्यायचा तो घेतला.

पण दुबईत दहांपैकी जवळजवळ नऊ माणसं परदेशी आहेत. पैसा बाहेरचा, हातही बाहेरचे. अशा ठिकाणी उद्योग येतो, पण मुरत नाही, असं मला वाटतं. सौदी अरेबियापुढचा प्रश्न त्याहून अवघड, कारण तिथे स्वतःची तरुण लोकसंख्या मोठी आहे. २०१६ मध्ये तेव्हाचे उपयुवराज मोहम्मद बिन सलमान यांनी ‘व्हिजन २०३०’ मांडलं. वाळवंटात १७० किलोमीटर लांबीच्या सरळ रेषेतल्या शहराची योजना त्यातूनच निघाली. परकी गुंतवणूक वर्षाला १०० अब्ज डॉलरवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं. २०२४ पासून ज्या कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय सौदीत नाही, तिला सरकारी कामं मिळणं कठीण केलं. मुख्यालय येईल. त्यातल्या खुर्च्यांवर कोण बसणार?

याचं उत्तर सौदीच्याच इतिहासात आहे, आणि तिथल्या इमारतींपेक्षा मला ते मोलाचं वाटतं. अली अल-नैमी हा मुलगा १९४७ मध्ये, बाराव्या वर्षी, अमेरिकन मालकीच्या अरामको कंपनीत ऑफिसबॉय म्हणून लागला. कंपनीने त्याला शिकवलं, अमेरिकेत भूगर्भशास्त्र शिकायला पाठवलं. १९८४ मध्ये तो त्याच अरामकोचा पहिला सौदी अध्यक्ष झाला, १९९५ मध्ये देशाचा तेलमंत्री. परक्या भांडवलाची खरी कमाई ही.

पुण्यानेही ती चाखली आहे. १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली तेव्हा निम्मा हिस्सा अमेरिकन कंपनीचा होता. पण लेथवर पुण्या-सांगली-साताऱ्याची मुलं उभी होती. अशाच कारखान्यांत हात बसलेल्यांनी पुढे भोसरीत आपापली वर्कशॉपं टाकली.

उलट बाजूचं उदाहरण कोकणातलं. २०१८ मध्ये अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक आपल्या सरकारी तेल कंपन्यांबरोबर राजापूर तालुक्यात वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी उभारणार असं ठरलं. निम्मा वाटा आखाताचा. नाणारच्या लोकांनी विरोध केला, २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली, आणि मग त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव पुढे आलं. विरोध आंब्याच्या बागांसाठी होता, समुद्रासाठी होता, सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी होता, आणि तो मला मनापासून पटतो. तरीही एक गोष्ट सलते. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये माती तपासायला यंत्रं आली ती पोलिसांच्या पहाऱ्यात. त्याच्या पाच वर्षं आधी राजापुरात एखादं चांगलं तंत्रनिकेतन सुरू करून तिथल्या मुलामुलींना रसायनशास्त्र, वेल्डिंग, प्रदूषण मोजणं शिकवलं असतं, तर गावसभेत प्रकल्पाचा अहवाल वाचून प्रश्न विचारणारी त्यांचीच पोरं असती. कदाचित त्यांनी नकोच म्हटलं असतं. मला तेही चाललं असतं.