बर्फ वितळला, मग देव कुठे गेला?

काश्मीरमधील अमरनाथची गुहा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,888 मीटर उंचीवर आहे. छतातून झिरपणारे पाणी टपकते, थरावर थर गोठतो आणि हिमलिंग उभे राहते. उन्हाळ्यात ते वितळू लागते. काही वर्षी तर श्रावण पौर्णिमेला यात्रा संपण्याआधीच दिसेनासे होते.

मग उशिरा पोचलेल्या भाविकाला दर्शन घडले की नाही?

वितळताना पाण्याचा रेणू बदलत नाही, रेणूंची मांडणी बदलते. शून्य अंश सेल्सिअसवरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो, तरी पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही. सारी उष्णता रेणूंची घट्ट वीण सैल करण्यात खर्च होते.

रामकृष्ण परमहंस सगुण-निर्गुणाचे नाते याच दृष्टान्ताने समजावत: अथांग सागराचे पाणी भक्तीच्या गारव्याने ठिकठिकाणी गोठते आणि ज्ञानाचा सूर्य उगवला की वितळते. त्यांचे शिष्य स्वामी विवेकानंद ऑगस्ट 1898 मध्ये भगिनी निवेदितांसह अमरनाथला गेले. अद्वैताचा हा पुरस्कर्ता हिमलिंगापुढे भारावून गेला.

त्यात विसंगती नाही. रूप क्षणिक असले तरी खोटे नसते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, म्हणूनच बर्फ तरंगतो आणि गोठलेल्या तळ्याच्या तळाशी मासे जगतात. पाण्याला जे जमत नाही, ते त्याचेच रूप करून दाखवते. सगुणाची उपासना ही निर्गुणाची खालची पायरी मानणाऱ्यांनी या गोष्टीचा गांभीर्याने विचार करायला हवा.