उरलेल्यांच्या वतीने कोण बोलते?

प्रलयोत्तर जग रंगविणाऱ्या कलाकृतींच्या केंद्रस्थानी बहुधा वाचविणारा असतो. ज्याला वाचवायचे तो त्याच्या पराक्रमाचे निमित्त ठरतो. ही रचना नैतिकदृष्ट्या निर्दोष मानता येईल काय? ऑस्टिन जॉर्गेन्सन यांच्या ‘लिसा : द पेनफुल’ (२०१४) आणि ‘लिसा : द जॉयफुल’ (२०१५) या व्हिडिओ गेमच्या जोडीसंदर्भात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पहिल्या खेळातील उजाड जगात स्त्रिया उरलेल्या नाहीत. ब्रॅड या व्यसनग्रस्त माणसाला एक तान्ही मुलगी सापडते. तो तिला लपवून वाढवतो आणि ती नाहीशी झाल्यावर शोधायला निघतो. वाटेत खेळणाऱ्यापुढे निवड येते : स्वतःचा हात गमवायचा की सोबत्याचा जीव? गेलेले परत मिळत नाही. हात गेल्यास पुढची प्रत्येक लढत अवघड होते. कादंबरीचा वाचक पात्राच्या निर्णयाचा साक्षी असतो. येथे आस्वादक त्या निर्णयाचा भागीदार होतो. मात्र यातूनच एक भ्रम निर्माण होतो : आपण किंमत मोजली, म्हणून तिच्यावर आपला हक्क आहे. दुसऱ्या खेळात सूत्रे त्या मुलीच्याच हाती येतात, आणि ज्याला आपण रक्षण समजत होतो ते तिच्या बाजूने बंदिवासही होते, हे उलगडते. उत्तरभाग येथे पूर्वभागाची समीक्षाच करतो.

हा प्रश्न कल्पित जगापुरता नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २०२१ मध्ये तळिये येथे, २०२३ मध्ये इरशाळवाडीत दरड कोसळली, तेव्हा ‘माळीण’ हे नाव पुन्हा उदाहरण म्हणून उच्चारले गेले. उरलेल्यांसाठी मात्र ते उदाहरण नव्हे, आपले गाव आहे. खऱ्या मृत्यूंची खेळाशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. पण आपत्तीची कथा बचावकर्त्याच्या आणि भाष्यकाराच्या मुखातून सांगण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून हिंसा, अत्याचार आणि आत्महत्या यांचे चित्रण सोसू शकणाऱ्या अभ्यासकांना या खेळांची शिफारस करावीशी वाटते. पण दोन्हींची, आणि याच क्रमाने. केवळ पहिला खेळणारा करुणेपाशी थांबेल. जिच्याविषयी ती करुणा वाटली, तिचे म्हणणे दुसऱ्यात आहे.