रंगरंगोटी आणि दुरुस्ती

होडी हा विषय आमच्या जिल्ह्यातील वाचकांस प्रथमदर्शनी परका वाटेल. ज्या मुलुखात पावसाची वाट पाहण्यात माणसाचे निम्मे आयुष्य जाते, तेथे होडीची चर्चा कशास? परंतु गेल्या शंभर वर्षांत अहमदनगर जिल्ह्याचे, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, रूप पुष्कळ पालटले आहे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्यास प्रवरा नदीवरील धरण १९२६ साली पुरे झाले. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदी अडविली गेली. आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ साली उद्घाटन झाल्यापासून गोदावरीचे पाणी शेवगाव व नेवासे या तालुक्यांच्या शिवारात येऊन उभे राहिले. तेव्हा जुनी होडी नीट कशी करावी, हा प्रश्न आता आमच्याही अंगणात आला आहे; आणि त्याच्या पोटात धर्माचा एक प्रश्न आहे. तो असा की, जे मोडले आहे त्याचे आपण काय देणे लागतो?

समजा, जलाशयाच्या काठच्या एखाद्या कुटुंबाने अ‍ॅल्युमिनियमची जुनी मोटार-होडी स्वस्तात घेतली आणि ती घरीच दुरुस्त करण्याचे मनात आणले. शेजारी दोन तऱ्हेचा सल्ला देतील. एक म्हणेल, "अहो, भंगारात घाला, या पत्र्यात काय राहिले आहे?" दुसरा म्हणेल, "भोकांत लांबी भरा, वर झकास निळा रंग द्या आणि आठ दिवसांत पाण्यात सोडा." हे दोन सल्ले एकमेकांच्या उलट दिसतात, परंतु दोहोंचे मूळ एकच आहे, ते म्हणजे श्रम चुकविणे. पहिल्यास जुन्या वस्तूविषयी आस्था नाही, आणि दुसऱ्यास तीत बसणाऱ्या माणसाविषयी दया नाही.

प्रथम पहिल्याचे म्हणणे घेऊ. त्याच्या मनात बहुधा असा विचार असतो की, इतके भाग बदलल्यावर ती जुनी होडी राहतेच कोठे? हा प्रश्न फार पुरातन आहे. ग्रीक लोकांत थीसियस नावाच्या वीराचे गलबत अथेन्स नगरात जतन करून ठेविले होते, अशी कथा प्लुटार्कने लिहून ठेविली आहे. त्याची कुजलेली फळी काढावी आणि नवी बसवावी, असे होता होता ते तेच गलबत राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्ववेत्ते वाद करीत. आमच्या शेतकऱ्यास या वादाचे उत्तर ठाऊक आहे. नांगराचा फाळ झिजतो म्हणून तो नवा घालतात, पुढे रुमणेही बदलतात. तरी घरात त्यास "बापाचा नांगर" असेच म्हणतात. कारण तो त्याच घराचा आहे, त्याच कामास लागतो आणि कोणीही त्यास टाकून दिलेला नाही.

याहून जवळचे उदाहरण आमच्या प्रभूच्या देशातील आहे. १९८६ साली अवर्षणामुळे गालील समुद्राचे पाणी ओसरले असता, गिनोसर येथील दोन कोळी बंधूंस काठच्या चिखलात एका प्राचीन होडीचा सांगाडा दिसला. ती सुमारे आठ मीटर लांब असून प्रभु येशू ज्या शतकात त्या काठाने चालला, त्याच शतकाच्या सुमाराची आहे, असे जाणत्यांनी ठरविले. ती प्रभूच्या शिष्यांची होती असे म्हणण्यास काही आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणत नाही. परंतु तिची बांधणी मोठी बोधप्रद आहे. तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड सापडले, आणि त्यातील कित्येक तुकडे जुन्या होड्यांतून काढून तीत बसविलेले होते. म्हणजे गरीब कोळ्यांनी ती वेळोवेळी, मिळेल त्या लाकडाने, दुरुस्त करून चालविली. ज्या लोकांमध्ये प्रभु वावरला, ते मोडलेले नीट करून वापरणारे लोक होते. जब्दीचे पुत्र याकोब व योहान यांस त्याने हाक मारिली, तेव्हाही ते तारवात बसून जाळी नीट करीत होते, असे मार्क सांगतो.

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. कारण त्याचा सल्ला अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. रंगाने होडीचे रूप पालटते, गळ थांबत नाही. गळ शोधण्याची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. होडी पाण्यात सोडून गळ शोधू गेल्यास फसगत होते. आत शिरलेले पाणी तळाशी पसरते आणि ते कोठून आले हे कळत नाही. म्हणून जाणता कारागीर उलट करतो. तो होडी कोरड्या जागी लाकडी घोड्यांवर नीट टेकवून आतच थोडे पाणी ओततो, आणि मग खाली वाकून पाहतो. फार ओतीत नाही; कारण एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे अठ्ठावीस किलो भरते, आणि त्या भाराने टेकू नसलेला पत्रा वाकेल. जेथून थेंब टपकतो तेथे तो खडूने खूण करतो. शिसपेन्सिल वापरीत नाही, कारण तिच्यातील ग्राफाइटही ओलाव्यात या धातूस बाधते. रंगाखाली जे रिवेट घट्ट दिसत होते, त्यांतील कितीएक ढिले असल्याचे अशा वेळी उघड होते. ही परीक्षा अंगणात होते, तेव्हा कोणाच्या जिवावर बेतत नाही. तीच परीक्षा धरणाच्या मध्यभागी झाली, तर काय होईल हे सांगावयास नको.

गळ सापडला म्हणजे ठिगळ आले, आणि येथे धातूचा स्वभाव जाणावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम वजनाने लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश असते. हवा लागताच त्याच्या अंगावर एक अतिपातळ कवच धरते, आणि तेच त्याचे रक्षण करते. पण तांबे किंवा पितळ त्यास लागून बसले आणि त्यांत पाण्याचा ओलावा आला, की दोन धातूंमध्ये सूक्ष्म वीज वाहू लागते व अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. तांब्याचा एखादा जुना पैसा ओल्या तळाशी विसरून राहिला, तरी कालांतराने तेथे खड्डा पडून भोक होऊ शकते. तांबे अ‍ॅल्युमिनियमहून महाग. तरी त्याचे ठिगळ या होडीस मारक ठरते. म्हणून पत्रा त्याच जातीचा, रिवेटही त्याच जातीचे घ्यावे लागतात. मागची ज्या फळीवर मोटार अडकवितात, ती कुजली असल्यास नवी फळीही तांब्याची औषधे न पाजलेली पाहावी लागते. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असा प्रभूचा एक दृष्टांत आहे. त्याचा मुख्य अर्थ निराळा आहे. परंतु ठिगळ चांगले असणे पुरेसे नाही, ते ज्यास लावावयाचे त्यास सोसले पाहिजे, हे व्यवहारज्ञान त्या दृष्टांताच्या बुडाशी आहेच.

आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. अशा होड्यांत बैठकीच्या खाली बहुधा हलका फोम भरलेला असतो. होडीत पाणी भरले तरी तिने अगदी तळास जाऊ नये, हा त्याचा हेतू. वर्षानुवर्षे हा फोम पाणी शोषून जड होतो, आणि बैठक उचकटून पाहिल्यावाचून ते कोणास दिसत नाही. जे संकटात तारावयाचे, तेच ओझे होऊन बसते. दुसरी गोष्ट अशी की, भरीव रिवेट एकट्याने बसविणे कठीण असते. एकजण बाहेरून हातोडा मारतो, तेव्हा दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरावा लागतो. ठोकळा सरकला तर रिवेट वाकडे बसते. हातोड्याचा आवाज साऱ्या गल्लीस ऐकू जातो, ठोकळा धरणारा कोणास दिसत नाही. आणि काम दोघांचे असते.

हा सारा खटाटोप घरच्या होडीसाठी कशास, असे कोणी विचारील. तपासणीस येणारा साहेब नाही, गिऱ्हाईक नाही. आमचे उत्तर असे की, पाणी हे घरचे व परके असा भेद जाणत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा माणसे बुडाली. त्याच आठवड्यात आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील सुगावजवळ, बुडालेल्यांच्या शोधासाठी प्रवरेत उतरलेल्या बचावदलाची होडी उलटून त्यातील जवान प्राणास मुकले. या दुर्घटना होडीच्या दुरुस्तीतील दोषाने झाल्या असे आम्ही म्हणत नाही. पहिलीत वारा होता, दुसरीत नदीचा प्रवाह. परंतु जेथे शिकविलेल्या माणसांसही पाणी क्षमा करीत नाही, तेथे रंगाखाली भोक ठेवून आपल्या लेकरास होडीत बसविणारा बाप कोणत्या तोंडाने देवाजवळ रक्षण मागणार?

आता ज्यासाठी आम्ही हे लिहिण्यास प्रवृत्त झालो, ते सांगतो. पौलाने गलतीकरांस जे पत्र लिहिले, त्याच्या सहाव्या अध्यायात अपराधात सापडलेल्या मनुष्यास सौम्यतेने पुन्हा ठिकाणावर आणण्याविषयी उपदेश आहे. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे क्रियापद आहे, तेच मार्काने याकोब व योहान जाळी नीट करीत होते हे सांगताना योजिले आहे. म्हणजे पडलेल्या बंधूस उभे करणे हे कोळ्याचे जाळे नीट करण्याच्या जातीचे काम आहे, असे त्या शब्दावरून दिसते.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत असे प्रसंग येतात. कोणी दारूच्या नादास लागतो, कोणाच्या हातून मंडळीच्या वर्गणीत अफरातफर होते. मग तेच दोन शेजारी पुढे येतात. एक म्हणतो, "याचे नाव काढून टाका." दुसरा म्हणतो, "वाच्यता नको. मंडळीचे नाव जाईल. येत्या रविवारी त्याला प्रार्थना करू द्या, म्हणजे झाले." पहिला भंगारात घालतो, दुसरा रंग लावतो. गळ कोठे आहे हे दोघांसही पाहावयाचे नाही. तो पाहावयाचा तर कोरड्या जागी, चार भिंतींच्या आत, थोड्या व विश्वासू माणसांदेखत पाहावा. भर सभेत नव्हे. आणि ठिगळ त्या मनुष्यास सोसेल असे असावे. एखाद्या सात्त्विक वडिलांचा कठोर शब्द तांब्यासारखा मोलाचा असेल. पण दुबळ्या मनास तो लागून राहिला, तर त्याच जागी भोक पाडील. ज्याने स्वतः तशाच मोहाशी झगडा केला आहे, त्याचा हात येथे अधिक उपयोगी पडतो. त्यास आतून ठोकळा धरणारा दुसरा सोबतीही हवा.

येथे एक शंका रास्त आहे. क्षमा केली म्हणजे त्याच दिवशी वर्गणीची पेटी पुन्हा त्याच्या हाती द्यावी काय? आम्हांस वाटते, देऊ नये. दुरुस्त होडी प्रथम काठाजवळ, उथळ पाण्यात, रिकामी चालवून पाहतात. मग एक माणूस, मग दोन. असे करण्यात होडीचा अपमान नाही. क्षमा ही एका क्षणात देता येते व द्यावी. भरवसा मात्र हळूहळू वाढतो, आणि त्या बंधूच्या हितासाठीच तो तसा वाढू द्यावा. एखादी होडी इतकी झिजलेली असते की, माणसे नेण्यास ती पुन्हा योग्य होत नाही. तेव्हा तसे स्पष्ट सांगणे हाही सत्याचाच भाग आहे. तथापि अ‍ॅल्युमिनियम वाया जात नाही. ते वितळवून त्याचे दुसरे पात्र घडते, आणि खनिजापासून नवे काढण्यास जितकी शक्ती लागते तिच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात ते काम होते. तसेच मनुष्य एका पदास अयोग्य ठरला, तरी प्रभूच्या घरात त्यास दुसरे काम नाही असे होत नाही.

आमचे उपदेशक व मंडळ्यांचे वडील यांस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या गावी जो कोणी मोडून पडला आहे, त्याच्या नावावर रेघ मारण्यापूर्वी किंवा त्याच्या दोषावर रंग फासण्यापूर्वी, एक संध्याकाळ त्याच्या घरी जाऊन बसावे, आणि जाताना एका विश्वासू सोबत्यास बरोबर न्यावे.