संशयाची किंमत कोणी मोजायची?

समोरचं जग खरोखर आहे का, आणि असलं तरी ते आपल्याला जसंच्या तसं कळतं का, हा प्रश्न म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. माणसाला पडलेल्या अत्यंत प्रामाणिक प्रश्नांपैकी तो एक आहे. जे दिसतं ते डोळ्यांतून दिसतं. डोळे बाजूला ठेवून जग पाहायची सोय नाही. स्वप्नातही नदी वाहते, तहान लागते, पाणी गोड लागतं. मग जागेपणीची नदी अधिक खरी कशावरून? १६४१ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने याच प्रश्नावर आपलं सगळं ज्ञान पणाला लावलं. कुणी महाबलाढ्य कपटी शक्ती क्षणोक्षणी आपल्याला फसवत असेल तर काय उरेल, असं त्याने स्वतःलाच विचारलं. १९३९ साली लंडनमध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी व्याख्यानात आपले दोन हात वर करून दाखवले आणि बाह्य वस्तू आहेत याचा हाच पुरावा, असं सांगितलं. मधल्या तीनशे वर्षांत वाद मिटला नव्हता आणि त्यानंतरही मिटला नाही.

तो न मिटल्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. या थोर संशयाचं नाव घेऊन आपण दुसऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरवायला शिकलो आहोत. ज्यांनी हा संशय उभा केला त्यांनी मात्र तशी मोकळीक कधीच दिली नव्हती.

वसुबंधूचंच पाहा. साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला हा बौद्ध आचार्य. बाहेर वस्तू म्हणून काही नाही, जे भासतं ते सगळं विज्ञान म्हणजे जाणीवच, हे त्याने ‘विंशतिका’ या अवघ्या वीसेक कारिकांच्या ग्रंथात मांडलं. त्यातच तो एक अवघड आक्षेप स्वतःहून पुढे आणतो. शरीर नाही, शस्त्र नाही, सगळं मनाचंच, तर खाटिक मेंढरं मारतो म्हणजे काय होतं? आणि काहीच होत नसेल तर त्याला पाप का लागावं? इथे वसुबंधूला सुटायचा सोपा रस्ता होता. मेंढरूच नाही, तर हत्या कसली, असं त्याला म्हणता आलं असतं. तो तसं म्हणत नाही. एका चित्तप्रवाहाचा दुसऱ्यावर आघात होतो, त्याने जीव जातो आणि आघात करणारा दोषी ठरतो, असं त्याचं उत्तर आहे. ऋषींच्या कोपाने दंडकारण्य ओसाड झाल्याची जुनी कथाही तो दाखल्याला देतो. ज्याने दगडमातीचं अस्तित्व नाकारलं त्याने दुसऱ्याचं मरण नाकारलं नाही.

शंकराचार्यांची गोष्ट तर आपल्या घरातली. जग मिथ्या आहे हे वाक्य आपल्याकडे उठताबसता ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा भरल्या पोटाचा माणूस उपाशी माणसाला ऐकवतो. पण ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, आचार्य वसुबंधूसारख्या विज्ञानवाद्यांशी भांडतात ते वाचावं. खांब, भिंत, घडा, वस्त्र प्रत्यक्ष अनुभवाला येत असताना ते नाहीतच असं कसं म्हणता, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. जेवत असताना, तृप्ती अनुभवत असताना, मी जेवत नाही आणि तृप्तही होत नाही असं सांगणाऱ्याच्या बोलण्याला काय किंमत द्यायची, असंही ते विचारतात. व्यवहारातलं जग ब्रह्मज्ञान होईपर्यंत खरंच धरावं लागतं. ज्याला ते ज्ञान झालेलं नाही (आणि आपल्यापैकी कुणाला झालं आहे?) त्याने शेजाऱ्याची भूक मिथ्या ठरवायची नसते. ज्ञानदेव तर आणखी पुढे गेले. ‘अमृतानुभवा’त अज्ञानाच्या खंडनासाठी त्यांनी सगळ्यात मोठं प्रकरण खर्ची घातलं. हे जग अज्ञानाने उभं केलेलं फसवं दृश्य नव्हे, चैतन्याचाच विलास आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. एवढं सांगणाऱ्याच्या मराठी मुलखात विधवेला, दलिताला, कर्जात बुडालेल्या कुळाला ‘सगळी माया आहे, मनाला लावून घेऊ नकोस’ असं पिढ्यान्‌पिढ्या कसं सांगितलं गेलं, याचा विचार प्रवचनं करणाऱ्यांनी आणि ती ऐकणाऱ्यांनी करायलाच हवा.

संशयालाही शिस्त असते, हे आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार आधी ओळखलं. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशयाला तिसरं स्थान आहे. त्याचा मान मोठा, पण तो उगाच घेता येत नाही, त्याला काही निमित्त लागतं. दुरून उभं दिसतं ते खोड की माणूस, हा खरा संशय, कारण उंची दोघांची सारखी आणि हातपाय अजून दिसलेले नाहीत. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी याची हद्दही आखून दिली. संशय तुमच्याच वागण्याशी विरोधात जाईल तिथे तो थांबतो. धूर अग्नीपासूनच होतो कशावरून, असं विचारणारा माणूस धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. त्याचं बोलणं काही म्हणो, हात काय करतात ते पाहा. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने उदयनांना त्यांच्याच शब्दांत उलट टोला दिला. जो विरोध दाखवता तो तरी निःशंक कशावरून, असं त्याने विचारलं. निव्वळ तर्कात श्रीहर्षाचा मुद्दा बिनतोड आहे, हे मी मान्य करतो. मात्र त्याच्या संशयाने कुणालाच वगळलं नव्हतं. तो सगळ्यांच्या प्रमाणांवर सारखा चालून गेला.

आपल्या काळात जो संशय विकला जातो तो असा नाही. तो निवडक आहे, आणि त्याचं सगळ्यात उघडं उदाहरण तंबाखूचं आहे.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि तेवढेच दुसऱ्या आजारांचे रुग्ण घेऊन त्यांनी दोघांच्या सवयी ताडून पाहिल्या. डॉल यांचा आधीचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांच्या डांबरावर होता. आकडे जमत गेले तसा तो मावळला आणि बोट सिगारेटकडे वळलं. अभ्यास पुरता संपायच्या आतच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. उदयनाचार्यांना हवी होती ती कसोटी ही. कळलं ते हातांनीही मानलं.

मग संशय आला, आणि तोही साध्यासुध्या माणसाकडून नव्हे. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर यांनी १९५७ पासून या निष्कर्षावर हल्ला चढवला. सिगारेट आणि कर्करोग बरोबर दिसतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. कदाचित एकच आनुवंशिक ठेवण माणसाला सिगारेटकडेही ढकलत असेल आणि कर्करोगाकडेही, असं ते म्हणाले. तत्त्व म्हणून यात चूक काहीच नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात हेच सांगितलं होतं, की दोन गोष्टी पाठोपाठ येताना दिसतात, त्यांना जोडणारी कारणाची साखळी दिसत नाही. पण फिशर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते आणि स्वतः पाइप ओढत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निर्दोष पुरावा येईपर्यंत ओढत राहणाऱ्यांचं काय व्हायचं, हा प्रश्न त्यांच्या संशयात कुठे बसतच नव्हता.

अशा संशयाचा उपयोग अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी फिशर यांच्याही आधीच हेरला होता. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचं निवेदन झळकलं. पुरावा निर्णायक नाही, आम्ही संशोधन करू, ग्राहकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत मोलाचं, असा त्याचा सूर. १९६९ सालच्या एका बड्या कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर संशय हाच आपला माल आहे, अशा अर्थाची कबुली आहे. याच कंपन्या बाजारपेठेचे आकडे डोळे मिटून मानत, त्यांच्या भरवशावर कारखाने काढत आणि जाहिरातींवर पैसा ओतत. संख्याशास्त्र फक्त मृत्यूंपाशी आलं की अविश्वासार्ह व्हायचं. सिगारेटला दोषी ठरवणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला. डॉल आणि हिल यांच्यानंतरची ती चौदा वर्षं कुणाच्या फुप्फुसांवर गेली ते वेगळं सांगायला नको. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ मध्ये सुरू झालेला पाहणी-अभ्यास २००४ मध्ये पन्नास वर्षांचा हिशेब देऊन गेला: सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटतं.

हे विलायतेपुरतं समजू नये. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने हिरड्यांवर घासायची, ही मिश्री महाराष्ट्राच्या कितीतरी घरांत आजी सुनेला देते. दाढ दुखते, तेवढ्यापुरती घे, म्हणून सुरुवात होते. गालात आत पांढरा चट्टा उठतो, तोंड उघडताना ओढ बसते, तिखट सोसत नाही, आणि तरी ऐकायला मिळतं, ‘आमचा आजा रोज तंबाखू मळायचा, नव्वदीपर्यंत जगला.’ त्या बाईला मी दोष देणार नाही. तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. दोष आहे तो ज्यांना सगळं माहीत असूनही हे आजोबा पुढे करणं सोयीचं वाटतं त्यांचा. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली आणि तरी पुड्या टपऱ्यांवर मिळत राहिल्या. त्यामागेही ‘इतकं काही सिद्ध नाही’ हा दिलासा आहेच.

अशीच भाषा आता ओढ्याकाठी ऐकू येते. वरच्या अंगाला कारखाना, खालच्या अंगाला वस्ती. विहिरीच्या पाण्याला वास येतो, भांड्याच्या तळाशी पिवळट थर बसतो, गुरं तोंड लावत नाहीत. गावकरी अर्ज देतात. उत्तर येतं, नमुने पाठवले आहेत, कार्यकारणभाव अजून प्रस्थापित झालेला नाही. हे उत्तर देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर बाटलीबंद पाणी असतं. वस्तीतल्या बायका मात्र अहवाल येईपर्यंत तेच पाणी उपसतात, कारण पोरांची तहान अहवालासाठी थांबत नाही.

नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधायचं तो वाद, जिंकण्यासाठी करायचा तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. आपल्या ग्रामसभांत, विधिमंडळात, वाहिन्यांवरच्या चर्चांत तिसऱ्याच प्रकाराला शहाणपण समजलं जातं. म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याला संशय घ्यायचा आहे त्याने जरूर घ्यावा, पण तो फिटेपर्यंतचा खर्च त्याने सोसावा. पाणी दूषित आहे की नाही याची खात्री नसेल तर निकाल लागेपर्यंत सांडपाणी बंद राहावं आणि वस्तीला टँकरचं पाणी कारखान्याच्या पैशाने मिळावं. तंबाखूचं नुकसान अजून पुरतं सिद्ध झालं नाही असं ज्याला वाटतं, त्याने तो निर्वाळा आधी आपल्या घरच्या पोराबाळांना द्यावा आणि मग दुसऱ्यांच्या. पुढच्या ग्रामसभेत कुणी ‘अजून काही सिद्ध झालेलं नाही’ असं म्हणालं की त्याला एवढंच विचारावं: सिद्ध होईपर्यंत हे पाणी कोण पिणार, साहेब, तुम्ही की आम्ही?