टाकीतलं शून्य

उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन प्रकारचे टँकर धावताना दिसतात. एक गावाला पाणी नेतो, दुसरा पंपाला पेट्रोल-डिझेल. पहिल्याची खेप चुकली तर गावभर बोंब होते. दुसऱ्याच्या पोटात काय आहे, हे कोणी विचारत नाही. 2012-13च्या दुष्काळाने इथल्या माणसांना पाणी मोजायला शिकवलं: घागरीने, ड्रमने, खेपांनी. पण जिथे पाणी अजिबात नको, तिथलं पाणी मोजायचं काम आपण एका यंत्रावर सोडून दिलंय. ते यंत्र 'शून्य' म्हणतं तेव्हा नेमकं कोण कोणाला काय सांगत असतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. पंपाची टाकी जमिनीखाली असते. सैल झाकण, फटीतून झिरपलेला पाऊस, आतल्या हवेतली वाफ अशा कुठल्याही वाटेने तिच्यात पाणी शिरू शकतं. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. जुनी पद्धत अशी, की मोजपट्टीच्या टोकाला खास पेस्ट लावायची आणि पट्टी टाकीत सोडायची. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. नव्या पद्धतीत टाकीत एक उभी दांडी कायमची बसवलेली असते आणि तिच्यावर दोन तरंगते असतात. एक इंधनाच्या पृष्ठभागावर तरंगतो. दुसरा इंधनात बुडेल पण पाण्यावर तरंगेल इतक्याच वजनाचा असतो. तो वर उचलला गेला की केबिनमधल्या स्क्रीनवर पाण्याची पातळी मिलिमीटरमध्ये दिसते, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो. अनेक नव्या डिझेल गाड्यांच्या फिल्टरमध्येही असाच पहारेकरी असतो. डिझेलमधून वीज जवळपास वाहत नाही, पाण्यातून वाहते. तेवढ्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो.

या सगळ्याची गरज काय, ते जून 2025मध्ये दिसलं. मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी निघालेल्या 19 गाड्या डिझेल भरल्यावर थोड्याच अंतरावर बंद पडल्या. टाक्या उघडल्या तर डिझेलसोबत पाणी निघालं. पावसाचं पाणी झिरपलं असावं, असं तेव्हा सांगण्यात आलं. पंपाला लगेच सील लागलं.

आता हीच गोष्ट मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या शेतकऱ्यासोबत घडली असं समजा. जून महिना, जमिनीत वाफसा आलेला, सोयाबीन पेरायचं आणि ट्रॅक्टर धुरात बंद पडलेला. मेकॅनिक म्हणतो, "काका, डिझेलात पाणी हाय." पण कोणत्या पंपाचं, कोणत्या दिवशीचं, की त्यांच्याच ड्रममध्ये पाऊस गेला? एकाच वेळी 19 गाड्या बंद पडल्या की तो पुरावा असतो, एक ट्रॅक्टर बंद पडला की ते नशीब ठरतं. पाणी तेच असतं. ते कोणाला कळलं आणि कोणाचं म्हणणं मानलं गेलं, यावर सगळं फिरतं.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877मध्ये श्रद्धेच्या नैतिकतेवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचं उदाहरण आहे. जहाज जुनं, अनेकदा दुरुस्त केलेलं. ते आता समुद्रात टिकेल का, अशी शंका त्याच्या मनात येते. पण तपासणीला खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, याही वेळी होईल. हळूहळू त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसतो. जहाज माणसं घेऊन बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं, की त्याचा विश्वास प्रामाणिक होता, तरी तो दोषी आहे, कारण असा विश्वास ठेवण्याचा हक्क त्याने तपासणी करून कमावलेला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं, तरीही तो तितकाच दोषी ठरला असता.

हे वाचल्यावर पहिला विचार येतो, की त्या जहाजाच्या तळात एक सेन्सर असता तर प्रश्नच मिटला असता. 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट यंत्राने बंद केली असती. मला मात्र वाटतं, यंत्राने ही पळवाट बंद न करता तिला एक सभ्य दरवाजा बसवला. आजच्या मालकाला स्वतःची समजूत घालण्याचे कष्टही पडत नाहीत. ते काम स्क्रीनवरचं शून्य करतं.

कारण ते शून्य खरं असूनही अपुरं असू शकतं. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं जातं: 2022मध्ये 10 टक्के झालं, 2025पर्यंत 20 टक्क्यांवर गेलं. आपल्याच अंबड-घनसावंगी पट्ट्यातल्या उसासारख्या पिकांपासून ते बनतं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं आणि तळाला थर साचतच नाही. यंत्राचा तरंगता थराची वाट बघत बसतो. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्यासोबत तळाला जातं. हा थर निव्वळ पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे जुन्या मापाचा तरंगता त्यावर नीट उचललाही जात नाही. त्यासाठी वेगळा तरंगता लागतो, पेस्टसुद्धा वेगळी लागते. म्हणजे जुन्या यंत्राच्या शून्याचा अर्थ 'पाणी नाही' असा नसतो. 'मला ओळखता येईल असं, वेगळं साचलेलं पाणी नाही' एवढाच तो असतो. हा फरक यंत्राला कळणं शक्य नाही. तो ज्याने यंत्र बसवलं, त्याला माहीत असायला हवा.

होड्यांमध्ये याचं दुसरं रूप दिसतं. तळात पाणी वाढलं की तरंगता स्विच उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो, पाणी बाहेर फेकतो आणि बंद होतो. उत्तम सोय. पण फळीला बारीक चीर पडली, तर हाच पंप रात्रभर गुपचूप पाणी उपसत राहतो आणि सकाळी तळ कोरडा दिसतो. बॅटरी संपते त्या दिवशी होडी बसते. म्हणून जाणकार लोक पंप किती वेळा चालला, हे मोजणारा काउंटरही लावतात. यंत्राने प्रश्न सोडवला म्हणून गप्प बसायचं, की किती वेळा सोडवावा लागला ते विचारायचं? पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात जबाबदारी.

मागे पावसाळ्यात एका पंपावर मी सहज विचारलं, "भाऊ, टाकीत पाणी किती दाखवतंय?" नोझल धरलेला पोरगा हसला. "ते आत मॅनेजरसाहेबांना माहीत." त्याचं काही चुकलं नव्हतं. रुपये आणि लिटर दाखवणारा आकडा माझ्याकडे तोंड करून होता, पाण्याचा आकडा केबिनमध्ये. इंजिन मात्र माझं होतं.

पंपवाल्यांची बाजूही आहे. टाकीतून इंधन ओढणारा पाइप तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे तळातले दोन-चार मिलिमीटर पाणी म्हणजे तुमच्या गाडीत पाणी, असं नव्हे. तो आकडा रस्त्यावर लावला तर अर्धवट माहितीने गोंधळ उडेल, आणि प्रामाणिक माणसाचा धंदा एका व्हिडिओने बसेल. शिवाय पाणी आलेल्या टँकरमधूनच आलं असेल, तर तोही फसलेलाच. हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण लोकांना आकडा समजणार नाही, म्हणून तो दाखवायचाच नाही, हा युक्तिवाद ज्यांच्या हातात आकडा आहे त्यांच्याच सोयीचा असतो. आकडा आणि त्याचा अर्थ, दोन्ही शेजारी लिहिता येतात. पाच लिटरचं माप, डेन्सिटी, फिल्टर पेपर या तपासण्या मागण्याचा हक्क ग्राहकाला आजही आहे आणि त्याने पंप बंद पडलेले नाहीत. पाण्याचा आकडा त्याच यादीत का नसावा?

यंत्र आल्यावर जाणून घेणं सोपं झालं, आणि त्यामुळेच न सांगणं जास्त गंभीर झालं, असं मला वाटतं. पूर्वी पट्टी टाकायला कोणी गेलंच नाही, तर तो आळस होता. आज रात्री दोन वाजता अलार्म वाजतो, कोणीतरी तो बंद करतो आणि सकाळी नोझल सुरू होतं. याला आळस म्हणता येणार नाही. हा निर्णय असतो, आणि तो निर्णय घेणारा माणूस असतो. त्याचं ओझं यंत्रावर टाकता येत नाही.

आणि आपल्याकडूनही थोडं अपेक्षित आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की गाडीत भरण्याआधी विचारायचं: टाकी तपासली का, कशाने तपासली, ती पेस्ट इथेनॉलची आहे का? विचारणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नाही. पाण्याच्या टँकरपाशी उभी राहून बाई "अजून एक हंडा बसतोय बघा" म्हणते, तेव्हा ती भांडत नसते. तिला फक्त माहीत असतं, की कमी पडलं तर रात्री घोटभर पाण्यावाचून तिचंच घर राहणार आहे.