पाटीवरची सरस्वती

दसऱ्याच्या दिवशी आई पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढीत असे. तिला ना मुख, ना वीणा, ना हंस. तरीही तिच्यापुढे हात जोडताना काही उणे असल्याचे आम्हां भावंडांना कधी वाटले नाही. आज मात्र डोळे मिटले की मला सरस्वती दिसते ती राजा रविवर्मा यांचीच. दुसरी दिसतच नाही. ज्याला कोणी पाहिले नाही त्याला चेहरा देताना चित्रकार इतरांकडून काही काढून घेतो काय?

आम्हां बडोदेकरांना रविवर्मा परके नाहीत. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्यांना १४ पौराणिक चित्रे करावयास सांगितली. प्राचीन वेशभूषेच्या शोधात ते धाकट्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानात हिंडले. पण एकच एक असा पोशाख काही हाती लागला नाही. अखेर भोवती दिसणारी साडीच त्यांच्या देवींच्या अंगावर आली. त्या १४ चित्रांपैकी ‘कंसमाया’ पाहावे. कंसाच्या हातून निसटून आकाशात प्रकटलेली माया कोणी पाहिली होती? परंतु तिचा खांदा, तिच्या वस्त्राची चुणी, अंगावरचा उजेड हे सारे कुठे ना कुठे पाहिलेलेच आहे. कल्पना नवे द्रव्य निर्माण करीत नाही, पाहिलेल्याची नवी जुळणी करते. म्हणूनच ती इतकी खरी वाटते, आणि म्हणूनच मनातून हलत नाही. (सरकारी नोकरीत न पाहिलेल्या गावांचे नकाशे मी पुष्कळ तपासले. पुढे गाव प्रत्यक्ष पाहिले, तरी मनात राहिला तो नकाशाच.)

तक्रार करावी, तर तीही पुरती करवत नाही. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही भिंतीवर देव आले. ज्यांना दर्शनच नाकारले होते त्यांना ‘निराकाराची कल्पना करा’ असे सांगणे हा निर्दयपणा ठरला असता. आमची पाटी आम्हांला वारशाने मिळाली होती, हे मी सोयीस्करपणे विसरत होतो.

गेल्या दसऱ्याला नातीसाठी मी तशीच सरस्वती काढली. ती म्हणाली, “आजोबा, हिचं तोंड कुठे आहे?” कपाटातले छापील चित्र आणावयास मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. तोवर तिने खडूने गोल काढून त्याला चश्मा लावला होता. तिच्या वर्गशिक्षिकेचा असावा. आम्ही त्यावरच झेंडूचे फूल वाहिले.