बरणीच्या आतली बाजू

फेब्रुवारी लागला की सोलापूरच्या बाजारात द्राक्षांचे ढीग दिसू लागतात. नाताळात लागणारी वाइन आमच्या घरी याच दिवसांत करायला घेत, कारण द्राक्षे तेव्हाच स्वस्त. पाठोपाठ उन्हाळा उभा असतो. पारा चाळिशी ओलांडला की आंबवण माणसाच्या मुठीत राहत नाही. (परवान्यावाचून वाइन करणे १९४९च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. स्वच्छतेवर लिहिताना एवढी तरी लपवाछपवी नसावी.)

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात आमच्या बाटल्या उघडल्या. पहिल्याच घोटाला लोकांचे चेहरे ताठरले. वाइनचा सिरका झाला होता. कोणी काही बोलले नाही. पेले हळूच बाजूला सरकले एवढेच. घरी आल्यावर आई म्हणाली, "बरणीच नीट धुतली गेली नसेल. त्या आठवड्यात पाणी तरी कुठं होतं?" नळाला चार-चार दिवसांनी पाणी येण्याचा तो काळ होता. एक बरणी तीनदा विसळायची म्हणजे पिण्याच्या हंड्याला हात लावायचा. आईने दोष स्वतःकडे घेतला आणि विषय मिटला. मी गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याचा विचार पुढे अनेक वर्षे माझ्या मनात राहिला. जी घाण डोळ्यांना दिसतच नाही, तिची जबाबदारी माणसावर किती?

१८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही कित्येक डॉक्टर रागावले. आपल्यासारख्या सभ्य माणसाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांना सहन झाले नाही. त्याआधीच्या डॉक्टरांना आपण दोषी म्हणणार नाही. पण सांगितल्यानंतरही ज्यांनी हात धुतले नाहीत, त्यांचे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत: माणसाला प्रयत्न करूनही दूर करता येत नाही ते, आणि जाणून घेणे शक्य व आवश्यक असूनही आळसाने राहू दिलेले. पहिले दोष पुसते. दुसरे पुसत नाही.

वाइनच्या बाबतीत पहिल्या प्रकारचा आसरा घेण्याची सोय १८६६ साली संपली. लुई पाश्चर यांचा वाइनवरील ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. बिघाड हा नशिबाचा खेळ नसून सूक्ष्म जीवांचे काम आहे, हे त्यांनी दाखवले. मद्यार्काचा सिरका करणारे जिवाणू हवेवर जगतात. त्यांना भांड्याच्या कोपऱ्यातला चिकट थर आणि बाटलीच्या गळ्याशी उरलेली थोडी हवा पुरते. अशी वाइन पिऊन कोणी सहसा आजारी पडत नाही, हे खरे. पण पाहुण्याने आपल्यावर ठेवलेला विश्वास मात्र आंबतो.

येथे एक गोष्ट आमच्या घराघरांत उलटी समजली जाते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड आणली, लिटरभर पाण्यात दहाएक ग्रॅम टाकून ते पाणी भांड्यात फिरवले, की काम झाले असे वाटते. पण ती पूड घाण काढत नाही. आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन ब्रशने खरवडावे लागते, मग विसळावे लागते. त्यानंतरच त्या पाण्याचा उपयोग. थराखाली दडलेल्या जिवाणूंपर्यंत ते पोहोचतच नाही. (त्याचा वायू दम्याच्या माणसाला सोसत नाही, म्हणून खिडकी उघडी असावी.) मन न तपासता पापनिवेदनाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचे वाटेल. ख्रिस्ताने परुश्यांना वाटीच्या आतल्या बाजूबद्दल सुनावले, ते ऐकताना आपण नेहमी परुश्यांकडेच पाहतो. वेदीवर वापरायची वाइनही बिघडलेली नसावी, अशी १९८३च्या धर्मसंहितेतील ९२४व्या कलमाची अट आहे. म्हणजे कोण्या अनोळखी कामगाराने न दिसणारे एक पिंप मनापासून धुतले आहे, यावरही मिस्साबलिदानाची सामग्री अवलंबून असते.

आता बरणीकडे परत येतो. बरणी चिनी मातीची होती. तिची झिलई शाबूत होती आणि आईने तिला तीन उन्हे दाखवली होती. वाइन बाटल्यांत उतरवायची प्लास्टिकची नळी धुण्याचे काम माझे होते. मी तिच्यातून तांब्याभर गरम पाणी सोडले आणि ती खिळ्याला टांगली. आदल्या वर्षीचा जांभळट थर आत तसाच होता. पारदर्शक नळीत तो दिसतही होता. मला वेळ नव्हता इतकेच. पाण्याची टंचाई ही आईची खरी अडचण होती, माझी नव्हती. नळीला तांब्याहून जास्त पाणी लागलेच नसते.

मी हे इतक्या खात्रीने म्हणतो, कारण तळाची एक बाटली आईने नळी न लावता पळीने भरली होती. बाकीच्यांइतकेच दिवस ती त्याच फळीवर उभी होती. बाप्तिस्म्यानंतर आठवड्याने ती उघडली, तेव्हा वाइन उत्तम निघाली. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि पेला माझ्या हातात दिला. तेव्हाही मी काही बोललो नाही.

पुढच्या फेब्रुवारीत खिळ्यावर नळी नव्हती. द्राक्षे आणायला निघालो तेव्हा आईने पैसे मोजून दिले आणि वर एक नोट जास्त ठेवली. "येताना नळी आण," ती म्हणाली, "दीड मीटर पुरेल."

आता ती नाही. नळी मी दरवर्षी नवी आणतो, आणि तरीही आधी सोड्याने धुतो.